मित्रास पत्र : एका किनाऱ्यावरच्या दोन मंडळ्या

रत्नागिरी

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. लेकीचे लग्न ठरल्याची बातमी वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. मुलगा आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चचा आहे, त्याला मी शब्बाथशाळेत असल्यापासून ओळखतो, आणि त्याच्याविषयी तू जे विचारले आहेस त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते : मुलगा गुणी आहे, निश्चिंत राहा. पत्राच्या शेवटी तू जे लिहिले आहेस, त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात मावणारे नाही. "ते कंपनी सरकारचे ख्रिस्ती, आपण मूळचे," असे म्हणून तुझ्या थोरल्या बहिणीने लग्नाला येण्याचे नाकारले, आणि तू मला विचारतोस की हे खरे आहे का, आणि एकाच ख्रिस्ताला मानणारी दोन घरे, तुमचे कॅथलिक आणि आमचे प्रॉटेस्टंट, या किनाऱ्यावर एकमेकांपासून इतकी दूर कशी गेली. तुझ्या बहिणीविषयी माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच तिचे म्हणणे टाळून पुढे न जाता जे मला ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

प्रथम कंपनीविषयी. आपल्या किनाऱ्यावर प्रॉटेस्टंट लोक आले ते धर्म घेऊन आले नाहीत, वखारी घेऊन आले. वेंगुर्ल्यात डचांनी १६३७ मध्ये वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रावर कोंडी करायची तर जवळ ठाणे हवे, हा त्यामागचा हिशेब होता. राजापूरला इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात तिथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या आणि त्याची शिक्षा म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर मारून त्यांना कैदेत टाकले, हे आपण शाळेतच शिकलो. हे डच आणि इंग्रज दोघेही प्रॉटेस्टंट होते. पण मिरी, कापड आणि नफा यांपलीकडे त्यांनी इथे कोणाला काही शिकवल्याचे दिसत नाही. वेंगुर्ल्याची ती पडकी वखार आपण दोघांनी कितीदा पाहिली असेल, पण ती बांधणाऱ्यांचा पंथ कोणता, हा प्रश्न आपल्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

पुढे इंग्रजांचे राज्य पसरले, तेव्हाही कंपनीला मिशनरी नकोच होते. प्रजेच्या धर्माला हात लागला तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येतील, ही भीती त्यांच्या मनात पक्की होती. विल्यम कॅरी या मिशनऱ्याला आश्रय मिळाला तो बंगालमधल्या श्रीरामपूरला, डेन्मार्कच्या राजाच्या मुलखात. मराठीचे व्याकरण त्याने १८०५ मध्ये छापले ते तिथूनच. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम सुटलेले होते. गव्हर्नर नेपियन यांनी सौम्य धोरण ठेवले म्हणून आणि त्याच वर्षी लंडनच्या संसदेने कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना वाट करून दिली म्हणून ते टिकले. ही वाटसुद्धा कंपनीच्या इच्छेविरुद्ध, इंग्लंडातील धर्मनिष्ठ लोकांच्या रेट्यामुळे मिळाली. म्हणून "कंपनी सरकारचे ख्रिस्ती" हे शब्द इतिहासाला धरून नाहीत.

तरीही तुझ्या बहिणीच्या बोलण्यात सत्याचा जो अंश आहे तो मी नाकारणार नाही. इंग्रजांची सत्ता नसती तर हे मिशनरी बाणकोटात उतरलेच नसते. रस्ते, टपाल, कोर्ट आणि १८५० नंतर धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क राखणारा कायदा, ही सगळी त्या राज्याची छत्रछाया होती. गोऱ्या साहेबाच्या आणि गोऱ्या पाद्र्याच्या तोंडी भाषा एकच, पोशाख एकच. आपल्या लोकांनी दोघांना एकच समजले यात त्यांची चूक म्हणता येणार नाही, आणि त्या समजाचे ओझे आमच्या मंडळीने आजवर वाहिले आहे. पण तुमच्याकडचे पाद्रीसुद्धा वसईत आणि चौलात पोर्तुगीज आरमाराच्या पाठोपाठच आले होते, हे तिला हळुवारपणे सांग. त्या बाबतीत आपल्या दोघांची घरे सारखीच आहेत.

बाणकोटाचे नाव आले म्हणून तिथे थोडा थांबतो. सावित्रीच्या मुखावरचा हा किल्ला इंग्रजांकडे १७५६ पासून होता आणि त्याला ते फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस, डॉनल्ड मिचेल, इथे आला आणि वर्ष संपण्यापूर्वीच वारला. त्याच्या मागून जेम्स मिचेल, स्टीव्हन्सन आणि नेस्बिट आले, आणि बाणकोट व हर्णै या दोन बंदरांच्या आसपास गावोगाव मराठी शाळा उभ्या राहिल्या. शिकवणारे पंतोजी हिंदू, शिकणारी मुले हिंदू, मुसलमान आणि काही ठिकाणी बेने इस्राएल या इथल्या यहुदी समाजाची, आणि वाचायला दिलेले पुस्तक मात्र शुभवर्तमान. जॉन विल्सन आणि त्याची पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आली तीही आधी मराठी शिकायला याच किनाऱ्यावर, आणि मग मुंबईला गेली. मार्गारेटने तिथे मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये तिथेच देह ठेवला. एवढ्या खटाटोपातून बाप्तिस्मा घेणारे किती निघाले म्हणशील तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोकणाने शाळा घेतली, छापील पुस्तक घेतले, पुढे दवाखाना घेतला, आणि धर्म बहुतांशी तिथल्या तिथे ठेवला. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांनी चालवलेले इस्पितळ तुला आठवत असेलच. तुझी थोरली बहीण तिथेच जन्मली, हे तुझ्या आईच्या तोंडून मी ऐकले आहे.

आता खरा प्रश्न. इतक्या थोड्या माणसांत इतके पंथ कुठून आले? मी जितके वाचले तितकी माझी खात्री होत गेली की यातला जवळजवळ एकही तंटा या मातीत उगवलेला नाही. वाडवडिलांच्या बांधाचे भांडण नातवंडांनी का चालू ठेवावे हे त्यांना ठाऊक नसते, तरी ते कोर्टात जात राहतात, तसे आपले झाले आहे. आणि आपल्या बाबतीत तो बांधसुद्धा दुसऱ्याच्या मुलखातला होता.

स्कॉटलंडचेच उदाहरण घे. तिथे गावातल्या चर्चवर पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, यावरून अनेक वर्षे वाद चालला होता, आणि सरकारी न्यायालये जमीनदाराचा हक्क उचलून धरीत होती. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या महासभेतून विरोधक उठून बाहेर पडले, आणि साडेचारशेहून अधिक पाळकांनी आपली घरे, पगार आणि चर्चच्या इमारती सोडून फ्री चर्च स्थापन केले. विवेकासाठी इतक्या माणसांनी एका दिवसात पोटावर पाय आणावा, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनीही तीच बाजू घेतली. मुंबईत विल्सन आणि नेस्बिट यांना आपल्या शाळेची नवी इमारत सोडावी लागली आणि सर्व काही पहिल्यापासून उभारावे लागले. आज चौपाटीवर दिसणारे विल्सन कॉलेज हे त्या पुन्हा उभारलेल्या कामाचेच रूप आहे. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट खटकते. ज्या मराठी माणसांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता, त्यांनी स्कॉटलंडचा जमीनदार कधी पाहिला नव्हता, आणि तरी जहाजाने आलेल्या टपालाबरोबर तेही एका बाजूचे झाले. मूळ स्कॉटलंडात हे बहुतेक घर १९२९ मध्ये पुन्हा एक झाले. इथे मात्र एक झाल्यावरही जुन्या मंडळ्यांची नावे माणसांच्या तोंडी राहिली.

त्याच १८४३ सालची आणखी एक हकिगत तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती कोकणाशी जोडलेली आहे. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी नेस्बिटकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो वयाने लहान होता, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठी रणधुमाळी माजली. घ्यावे, असे म्हणणाऱ्यांत पुढे होते बाळशास्त्री जांभेकर, आपल्या सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे. प्रायश्चित्त देऊन त्यांनी मुलाला परत घेतले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे एकाच वर्षी एका नव्या मंडळीची दोन छकले झाली आणि एका जुन्या समाजातही दोन तट पडले. फाटाफूट हा ख्रिस्ती लोकांचाच रोग आहे असे जे आपल्याला ऐकवले जाते, ते ऐकताना मला हे साल नेहमी आठवते. नारायण शेषाद्री पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारून मातंग समाजात आयुष्यभर काम करत राहिले. जातीची भिंत मात्र आपल्या दोन्ही मंडळ्यांनी पुरती पाडली नाही. कोणत्या घरात मुलगी द्यायची हे ठरवताना पंथाआधी जात विचारणारी ख्रिस्ती घरे तुझ्याही ओळखीची आहेत आणि माझ्याही.

तुझी बहीण म्हणेल की हे सर्व तुमच्यात, आम्ही तर रोमच्या एका छताखाली. ते छतही मध्ये दुभंगले होते, मित्रा. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा आश्रयदाता म्हणून बिशप नेमण्याचा हक्क मिळाला होता, तो पाद्रुआदो. आणि धर्मप्रसाराचे काम थेट आपल्या हाती घेण्यासाठी रोमने १६२२ मध्ये प्रोपगंडा नावाचे खाते काढले. दोघांनाही हाच किनारा हवा होता. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने पोर्तुगीज पाद्र्यांना हाकलून रोमच्या कार्मेलाइट पाद्र्यांना बोलावले, कारण पोर्तुगीज राजाचे ऐकणारे धर्मगुरू त्यांना आपल्या बेटावर नको होते. पुढे पुन्हा पोर्तुगीज बाजूला जागा दिली गेली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतली चर्चे दोघांत वाटून टाकली गेली. एकाच गावात, एकाच पोपला मानणारे लोक, दोन वेगळ्या बिशपांच्या हुकमतीखाली राहू लागले. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या लोकांसह आत ठाण मांडून बसले आणि बाहेर दुसऱ्या बाजूचा वेढा पडला, तेव्हा निवाडा कोणी करावा? प्रॉटेस्टंट इंग्रज सरकारने. १८८६ च्या करारानेही ही दुहेरी सत्ता मिटली नाही, ती मिटली १९२८ मध्ये. तुझ्या आजोबांच्या हयातीतली ही गोष्ट आहे. आजचा तुमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत तर २००५ मध्ये झाला, तो पुण्याच्या धर्मप्रांतातून.

आणि कॅथलिक-प्रॉटेस्टंट तंट्याने आपल्या भाषेला एक देणगीही दिली. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला कॅथलिक. त्याच्या देशात प्रॉटेस्टंट राणीचे राज्य होते आणि कॅथलिक माणसाला तिथे उघडपणे धर्म पाळता येत नव्हता. तो रोमला गेला, येशूसंघात (जेझुइटांत) शिरला, गोव्यात आला आणि तिथल्या साष्टीत राहून त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. युरोपातल्या त्या फाटाफुटीने घर सोडायला लावलेला माणूस ज्ञानोबांच्या छंदात येशूची कथा सांगतो, आणि आज आमच्या प्रॉटेस्टंट घरांतही त्या ओव्या आदराने वाचल्या जातात. या ग्रंथावर तुमचा हक्क आहे असे तुझी बहीण म्हणाली तर मी वाद घालणार नाही, फक्त आम्हालाही शेजारी बसू दे एवढेच म्हणेन.

मिशनऱ्यांनी जे पेरले ते त्यांच्या मनाप्रमाणे उगवले नाही याचे सर्वांत सुंदर उदाहरण अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनिवार तेली शब्बाथ आणि काही सण पाळून होते, पण हिब्रू ग्रंथ त्यांच्या हाती नव्हते. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, जुना करार मराठीत त्यांच्या घरी पोहोचला. तो वाचून ते ख्रिस्ती झाले नाहीत. आपण कोण आहोत हे त्यांना अधिक स्पष्ट कळले आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. दापोलीच्या अँग्लिकन मिशनच्या शाळेचेही तसेच. आज जिला ए. जी. हायस्कूल म्हणतात, त्या शाळेत पांडुरंग वामन काणे शिकले, ज्यांनी पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळवले. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी उभे राहून मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, आणि त्यांचे प्रतिपक्षी जॉर्ज बोवेन यांनी ते वाद पुस्तकरूपाने छापले. बोवेन स्वतः अमेरिकन मिशनमधून आले आणि अखेर मेथडिस्ट झाले. प्रतिपक्षाचे बोलणे छापून ठेवण्याची ही रीत आपल्या दोन मंडळ्यांत एकमेकांविषयी असती तर किती बरे झाले असते.

या सगळ्या परदेशी वाटण्यांना कंटाळून आपल्याच माणसांनी काही केले नाही का, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन भगिनींच्या सहवासात बाप्तिस्मा घेतला, पण तिथले नाना पंथ पाहून त्या गोंधळल्या, आणि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याच मतांना मान तुकवण्यास त्यांनी नकार दिला. आपली बुद्धी मी कोणाला वाहिलेली नाही, असाच त्यांच्या पत्रांचा सूर आहे. आणि नारायण वामन टिळक तर आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहून, स्वतः विचार करून, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, आणि ती वर्षे त्यांनी स्मृतिचित्रांत कोणावरही राग न धरता लिहून ठेवली आहेत. टिळकांनी अमेरिकन मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काम केले. पण ख्रिस्त हिंदी माणसाला परका वाटतो तो मिशनच्या चौकटीमुळे, हे त्यांच्या मनात पक्के होत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, आणि देवाचा दरबार सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. अट एवढीच की येशूला गुरू मानायचे. वय झालेले, प्रकृती खालावलेली, हातात पैसा नाही, आणि मिशनमधल्या जवळच्या माणसांना हे पाऊल पटलेले नाही, अशा स्थितीत त्यांनी हे केले. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. माझ्या मते आपल्या भाषेत ख्रिस्ती ऐक्याचा हाच सर्वांत धीट प्रयत्न होता, आणि तो कोणत्याही परदेशी महासभेने सुचवलेला नव्हता. त्यांचे अभंग आमच्या उपासना संगीतात आहेत, आणि तुमच्या मराठी मिस्सेतही, म्हणजे कॅथलिक उपासनेतही, ते मी ऐकले आहेत. ते गाताना कोणाला पंथ आठवत नाही.

आमच्याकडचे ऐक्य झाले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची आधीच एक झालेली मंडळी, अशा सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे सरले, आणि अनेक ठिकाणी मिळकतींचे खटले अजून संपलेले नाहीत. ते पाहून मान खाली जाते. तरी रत्नागिरीच्या आमच्या चिऱ्याच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला आज आपले आजोबा कोणत्या मिशनचे होते हे सांगावे लागत नाही, हे मी लहान मानत नाही.

आता लग्नाविषयी तुला उपयोगी पडेल ते लिहितो. कॅथलिक आणि बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट यांचे लग्न तुमच्या चर्चमध्ये लागू शकते. त्यासाठी बिशपांची परवानगी लागते, आणि ती फादरांमार्फत मागायची असते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा आपल्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन, असे वचन तुझ्या लेकीने द्यायचे आहे. पूर्वी असे वचन दोघांकडूनही लेखी घेत. १९७० पासून मुलावर ती सक्ती नाही, त्याला या वचनाची माहिती देणे पुरते. मुलाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागणार नाही, कारण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने आमच्याकडे झालेला बाप्तिस्मा तुमचे चर्च मान्य करते. त्याचा दाखला आमच्या पाळकांकडून मी स्वतः घेऊन तुला पाठवतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागणारी आहे आणि ती आधीच सांगून ठेवतो. लग्न मिस्सेत लावले तर तुझ्या लेकीला पवित्र भाकर मिळेल आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसलेल्या तिच्या नवऱ्याला सहसा मिळणार नाही. आमच्या प्रभुभोजनाला ती आली तर आम्ही तिला अडवणार नाही, पण तुमचा नियम तिला ते घेऊ देत नाही. हे दुःख कोकणातल्या कोणी निर्माण केलेले नाही आणि कोकणातल्या कोणाला एकट्याने दूर करता येणार नाही. म्हणून मिस्सेऐवजी केवळ वचनपाठ आणि विवाहविधी ठेवावा, असे फादरांना सुचवून पाहा; त्याला चर्चची मुभा आहे, आणि त्या विधीत आमच्या पाळकांनी शास्त्रपाठ वाचून प्रार्थना करावी अशी विनंतीही तुला करता येईल. बहिणीला हे पत्र वाचायला दे. तिला काही चुकीचे वाटले तर तिने मला सरळ लिहावे, मी उत्तर देईन, किंवा पाऊस उघडल्यावर मालवणला येऊन तिच्यापुढे बसेन. फादरांना कधी भेटतोस ते कळव, म्हणजे दाखला त्याआधी तुझ्या हाती पडेल.

घरातल्या सर्वांना सलाम, आणि लेकीला आशीर्वाद.

तुझा,
शाळेपासूनचा मित्र